शोधमोहीम कुठवर चालवावी?

धागाकर्ता, डिचोली
१६ जुलै २०२४ रोजी कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गावर दरड कोसळली आणि गंगावळी नदीत गेलेला ट्रक, चालकाच्या मृतदेहासह, गोव्याहून नेलेल्या ड्रेजरच्या (गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने २५ सप्टेंबरला सापडला. त्या कुटुंबाचे दुःख मी जाणतो. तरीही कोणी जिवंत सापडण्याची आशा मावळल्यावर यंत्रे, माणसे आणि पैसा वाचलेल्यांच्या निवाऱ्याकडे व औषधोपचाराकडे वळवावा, असे माझे ठाम मत आहे. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीत दरड कोसळल्यानंतर २३ जुलै २०२३ रोजी शोध थांबला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. तो निर्णय कठोर होता, पण योग्य होता.

वाचक, काणकोण
मी सहमत नाही. जिचा नवरा बेपत्ता आहे, ती बाई अंगावर पांघरूण मिळाले म्हणून छावणीत स्वस्थ बसेल का? केरळात वायनाडमध्ये २०२४ च्या दरडीनंतर चालियार नदीतून वाहून गेलेल्या अवयवांचेही डीएनए नमुने घेतले गेले आणि ओळख न पटलेल्यांना पुथुमला येथे थडग्यांवर क्रमांक घालून पुरले, म्हणूनच नमुना जुळल्यावर आपले माणूस नेमके कोठे आहे हे नातेवाइकांना कळू शकले. शिवाय मृतदेह नसेल, तर मृत्यू गृहीत धरण्यासाठी कायदा ७ वर्षांची मुदत सांगतो. तोवर विमा, बँकेतले खाते, घराचा वारसा, सारेच अडते.

धागाकर्ता
मृत्यूच्या दाखल्याची अडचण खरी आहे, परंतु त्यावरचा उपाय खोदकाम नव्हे. उत्तराखंडच्या २०१३ च्या प्रलयानंतर ७ वर्षे न थांबता चौकशीअंती दाखले देण्याची व्यवस्था झाली होती. तशीच इथे करता येईल.

वाचक, बेतूल
दर्यावर आशा मावळली हे ठरवायचे कोणी? २०१७ च्या ओखी वादळात केरळ व तमिळनाडूच्या होड्या लक्षद्वीप आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत भरकटल्या, आणि त्यांतले कितीतरी मच्छीमार जिवंत होते. शोध म्हणजे बंदराबंदरांतून नावे जुळवणेही असते.

वाचक, वाळपई
२०२१ च्या जुलैत म्हादईचा पूर सत्तरीने सोसला आहे, म्हणून सुचवतो. छावणी उघडताच दाराशी वही घेऊन एक माणूस बसवावा आणि त्याने नाव, वाडा, सोबत कोण आहे, कोण नाही, शेवटचे कोणी कुठे पाहिले, हे लिहून घ्यावे. तीच वही शिधावाटपाला उपयोगी पडते आणि शोधपथकालाही.

वाचक, काणकोण
वही हवीच. परंतु भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांचे नाव तीत कोण लिहिणार? खोलीतले सगळेच वाहून गेले, तर त्यांची चौकशी करणारे नातेवाईक झारखंडात किंवा ओडिशात असतात. त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचण्याआधीच शोध थांबवणे आपल्याला मान्य आहे का, हे धागाकर्त्यांनी स्पष्ट सांगावे.