हे गेल्यावर बिलं कशी कमी करू?

हे जाऊन चार महिने झाले. बिलं सगळी हेच भरायचे. आता एकटीच आहे तरी खर्च दोघांएवढाच होतोय, सुरुवात कुठून करू?

– ताई, आधी त्यांच्या खात्याचं अख्ख्या वर्षाचं स्टेटमेंट काढा, एका महिन्याचं नको, कारण काही पैसे वर्षातून एकदाच कटतात. आमच्या ह्यांच्या कार्डवरून एका अ‍ॅपचे पैसे सात महिने जात होते, मला पत्ताच नाही! ऑटो-डेबिट दिसेल ते बंद करा. विम्याला मात्र घाईत हात लावू नका.

– आणि त्यांचा मोबाईल नंबर एवढ्यात बंद करू नका, बिलांच्या खात्यांचे ओटीपी त्यावरच येत असतील. आधी सगळीकडे तुमचं नाव-नंबर लावून घ्या.

– बरं. फोन अजून रोज चार्जला लावते मी. उद्या स्टेटमेंट आणते.