मदत हवी आहे: २०० लिटर ड्रमच्या स्मोकरला धुराडं किती इंची?

रंकाळाकाठ
२०० लिटरचा ड्रम आडवा टाकून ऑफसेट स्मोकर केलाय, म्हणजे जाळ बाजूच्या पेटीत आणि मटण ड्रममध्ये धुरावर शिजतं. बाजूची जळणपेटी ६५ लिटरची, दोन्हींच्या मधलं भोक अंदाजे ३०० चौ. सेंमी. धुराडं दोन इंची पाइपचं, दीड फूट. झाकण लावलं की थोड्या वेळात जाळ बसतो, धूर झाकणाच्या फटीतनं येतो आणि मटणावर कडवट काळा थर धरतो. लाकूड बाभळीचं. हाच पाइप उंच करून भागेल का?

उद्यमनगरी
नाही भागणार. पेटी आणि मधलं भोक मापात आहे, घोळ पाइपचाच.

ठोकताळा असा: ड्रमच्या वर जेवढं धुराडं दिसतं, त्याच्या आतली जागा ड्रमच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास हवी. २०० लिटरला साधारण ४.४ लिटर. आता भागाकार करा. आतला व्यास ५ सेंमी म्हणजे क्षेत्रफळ २० चौ. सेंमी, उंची निघते २२० सेंमी! एवढ्या अरुंद नळीत धूर कडेला घासत जातो, वर पोचेपर्यंत गार होतो, ओढ मरते. चार इंचीला क्षेत्रफळ ८० च्या वर, उंची ५५ सेंमी. तीन इंचीला ९०-९५ लागेल, चालतं, पण काजळी धरली की लवकर आवळतं.

चार इंचीच घ्या आणि ७० सेंमी कापा. जास्त झालं तर कापता येतं.

चुलवाण
भावा, पाइप कापायच्या आधी एक बघ. जाळ बसला की जळणपेटीचं दार उघड. जाळ उठला आणि धूर आत ओढला गेला, तर हवेची भोकं कमी आहेत. धूर दारातनंच तोंडावर आला, तर धुराडं तुंबतंय. हवेची भोकं सगळी मिळून धुराड्याच्या क्षेत्रफळाएवढी ठेव, वर सरकती पट्टी. आच त्या पट्टीनंच कमी-जास्त करायची. धुराड्याची झडप पूर्ण उघडी. ती आवळली की कोंडलेला धूर डांबरासारखा चिकटतो, कडूपणा तिथला.

आणि गुऱ्हाळाचं बघून आठ फुटी धुराडं उभं करू नको. तिथं रस आटवायला ढणढणता जाळ लागतो, इथं ११०-१२५ अंश पुरे. जास्त ओढीनं लाकूड नुसतं उडतं आणि पेटीकडची बाजू करपते. बाभूळ बेस, पण मनगटाएवढी फोडलेली आणि खडखडीत वाळलेली. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे. पांढरा लोट म्हणजे जळण नीट पेटत नाही.

रंकाळाकाठ
भंगारात चार इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला) तुकडा स्वस्त मिळतोय. चालेल? आणि पावसाळ्यात टोपी लावू का?

उद्यमनगरी
जीआय नको. वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की थंडीताप भरतो. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा काळा पाइप घ्या. जोड पेटीच्या विरुद्ध टोकाला, मटण ठेवायच्या जाळीच्या पातळीवर द्या. ड्रमच्या माथ्यावर दिला तर गरम धूर मटणाच्या वरनंच निसटतो. सरळ उभा पाइप बसत नसेल तर एकच एल्बो (काटकोनी वळणाचा तुकडा), दोन नकोत.

टोपी लावा, पण पाइपच्या तोंडापासून निदान व्यासाच्या पाव अंतरावर, म्हणजे अडीच सेंमी. त्याहून खाली आली की चार इंची पाइप घेऊन उपयोग नाही. पाच सेंमी ठेवा आणि कडा पाइपच्या बाहेर दोन बोटं काढा, कोल्हापुरातला पाऊस तिरका येतो.