मदत हवी आहे : कार्नेशनच्या कळ्यांचा पुष्पकोश फुटतो आहे

सप्रेम नमस्कार. मावळ तालुक्यात आमचे २० गुंठ्यांचे पॉलिहाऊस असून त्यातील निम्म्या भागात गुलाब आणि निम्म्यात कार्नेशन आहे. गुलाबाची तक्रार नाही. १४ फेब्रुवारीच्या बाजाराचे गणित तिथे जुळेल असे दिसते.

अडचण कार्नेशनची आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून कळी उमलू लागताच पुष्पकोश (पाकळ्यांना धरून ठेवणारे हिरवे आवरण) एका बाजूने उभा चिरतो आणि पाकळ्या त्या फटीतून लोंबू लागतात, त्यामुळे दांडा सरळ व लांब असूनही फूल दुय्यम प्रतीत टाकावे लागते. रात्री तापमान ८ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी २८ च्या वर जाते, हा फरकच मुख्य दोषी असावा असे मला वाटते. मात्र बोरॉनची कमतरता किंवा अमोनियम स्वरूपातील नत्राचा अतिरेक यांनीही असेच घडते, आणि पान परीक्षणाचा अहवाल येईपर्यंत तोडणी थांबवता येत नाही.

बाजूचे पडदे संध्याकाळी किती वाजता सोडावेत, म्हणजे ऊब टिकेल पण आतला दमटपणा वाढून बुरशीला वाव मिळणार नाही? ठिबकातून दिले जाणारे नत्र आताच कमी करावे का? उमलत्या कळीला रबर बँड घालण्याचा उपाय कोणी केला असल्यास तो मजुरीच्या हिशेबात परवडला का, हेही कृपया कळवावे.