नरकासुर करताना मुलं खरंच काही शिकतात का?

बार्देशी:
दिवाळी आली की 'पोरांचा अभ्यास बुडाला' ही ओरड वाड्यावाड्यावर सुरू होते. मला ती पटत नाही. आमच्या गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा एकदा उभा करून बघा. बांबू कुठे बांधायचा, उंची वाढली की वजन कशावर पेलायचं, वाटेत विजेच्या तारा किती खाली आहेत, हे सगळं हातानेच सुटतं. मुखवट्याला कागदाचे थर लावताना घाई केली तर आत ओल राहते आणि रंग धरत नाही. वर्गणीला दारोदार फिरणारा मुलगा नकार पचवतो, पावती लिहितो, हिशेब देतो. नरकासुर करणाऱ्या आमच्या वाड्यावरच्या क्लबात बोलायला घाबरणारी मुलं आज पंचायतीत परवानगीचा अर्ज घेऊन स्वतः जातात.

अंत्रूजकर:
अहो बार्देशी, हे जुनं चित्र झालं. आता मुखवटा बाजारात तयार मिळतो आणि वर्गणीचा मोठा वाटा साउंडवाल्याच्या खिशात जातो. रात्री दहानंतर, सवलत असली तर बारानंतर, लाउडस्पीकर बंद हवा. तो पहाटेपर्यंत वाजतो, मोठी माणसं बघत राहतात, आणि नियम मोडला तरी चालतो हे मुलं शिकतात. जाळून झालं की तारा आणि खिळे रस्त्यातच. ते सफाई कामगारांनी उचलायचे? हासुद्धा अनुभवातून मिळालेला धडाच आहे, पण वाईट.

शाळामास्तर, काणकोण:
मला तर वाटतं हे काम शाळेचंच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, ते सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्यासाठी. ते सगळ्या मुलांपर्यंत पोचतं. क्लबात वाड्याबाहेरच्या मुलाला कोण घेतं?

बार्देशी:
मास्तर, दहा दिवसांत हत्यार हातात बसत नाही. शिवाय शाळेत चुकलं तर गुण जातात. इथे सांगाडा सगळ्यांसमोर कलंडतो आणि त्याच रात्री तो पुन्हा उभा करावा लागतो. साउंडचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उपाय नरकासुरांच्या स्पर्धा घेणाऱ्यांच्या हातात आहे. तयार मुखवटा बाद करा, सफाईला गुण द्या.

वाळपईची ताई:
तुम्ही तिघंही मुलग्यांबद्दलच बोलताय. रात्री काम सुरू झालं की मुलींना घरी बोलावतात. चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं बांधतात ती माटोळी बघा. आमच्याकडे रानातलं कुठलं फळ कुठे मिळतं, खायचं कुठलं, हात लावायचा नाही कुठल्याला, हे आजी नातीला रानात नेऊन दाखवते. शिकवणारं जाणतं माणूस सोबत असतं म्हणून ते टिकलं. क्लबात तसं कुणी नसेल तर मुलं फक्त एकमेकांची नक्कल करतात.

अंत्रूजकर:
ताईंचं शंभर टक्के पटलं. जाणता माणूस आणि दिवसाउजेडी काम, एवढं झालं तर माझा विरोध उरणार नाही. सफाई मात्र त्याच सकाळी, क्लबानेच करायची.

वाळपईची ताई:
आणि हिशेबाची वही मुलींकडे. आमच्या क्लबाच्या बैठकीत मी हे मांडणार आहे.