चौपट पिक्सेल, चिप तीच
नवा हँडहेल्ड (हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर) जुन्यापेक्षा हळू चालतो म्हणजे पीसच खराब निघाला, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. नागपूरच्या बर्डी बाजारातून मोठ्या हौसेनं घेतलेल्या माझ्या नव्या हँडहेल्डनंही पहिल्याच संध्याकाळी मन खट्टू केलं होतं. पण हिशेब बघा: जुना स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे सुमारे १० लाख पिक्सेल, नवा २५६० बाय १६००, म्हणजे जवळपास ४१ लाख. हे सगळे पिक्सेल रंगवणारी चिप काही चौपट ताकदीची नसते. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना, तापली की ती स्वतःच वेग कमी करते.

गेमपुरतं रिझोल्यूशन १२८० बाय ८०० करून इंटिजर स्केलिंग (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणारी सेटिंग) लावा. लांबी-रुंदीत बरोबर निम्मं असल्यानं एका पिक्सेलचे चार होतात, चित्र धूसर होत नाही. मधलं १९२० बाय १२०० मला धूसरच दिसलं. वाचायला मात्र पूर्ण रिझोल्यूशनच ठेवा, मराठी जोडाक्षरं फार सुरेख दिसतात.