वर्षअखेरीची यादी: गाणी, मैफली, चित्रपट यांचा हिशेब कसा धरायचा?

मुकुंदनगरकर (धागाकर्ता)

यंदा आवडलेल्या गाण्यांची आणि चित्रपटांची यादी करायला घेतली आहे. स्पॉटिफाय ॲपने आपणहून पाठवलेला वर्षाचा गोषवारा अजिबात पटत नाही. शास्त्रीय संगीत त्यात जवळपास नाहीच आणि एकच चित्रपटगीत डोक्यावर चढून बसलंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. ऐकण्याचा खरा हिशेब कसा काढायचा?
२. चित्रपटाचं वर्ष कोणतं धरायचं? पिफमध्ये (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) जानेवारीत पाहिलेले बरेच चित्रपट आदल्या वर्षीचे असतात, काही थिएटरात कधी लागतच नाहीत.
३. सवाई गंधर्व महोत्सवात (सवाईत) प्रत्यक्ष ऐकलेलं गाणं आणि फोनवर ऐकलेलं गाणं एकाच यादीत घालायचं का?

यादीतली गाणी घरातल्या ज्येष्ठांना गाडीत ऐकता यावीत, अशीही इच्छा आहे. 'आवड ही आवड असते, हिशेब कसला' हा प्रतिसाद कृपया देऊ नये.

---

सारणीकार

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे.

स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक 'ऐकणं' धरलं जातं. लास्ट-एफएम (ऐकलेली गाणी नोंदवून ठेवणारी सेवा) अर्धं गाणं किंवा ४ मिनिटं, यातलं जे आधी होईल ते धरतं. म्हणजे ५२ मिनिटांचा ख्याल पूर्ण ऐकलात तरी नोंद एकच, आणि ३ मिनिटांच्या गाण्याचीही एकच. गाणं ४० वेळा ऐकलं तर १२० मिनिटं होतात, ख्याल ४ वेळा ऐकला तर २०८. गोषवाऱ्यात मात्र ४० विरुद्ध ४. शास्त्रीय गायब होतं ते इथे. शिवाय हा गोषवारा डिसेंबरच्या सुरुवातीलाच हातात येतो. अख्खा डिसेंबर, म्हणजे पुण्यातला गाण्याचा भर हंगाम, त्यात धरलेलाच नसतो.

तेव्हा मूळ नोंदी मागवा. स्पॉटिफाय खात्याच्या 'प्रायव्हसी' पानावर दोन पर्याय दिसतील. साधी माहिती सुमारे ५ दिवसांत येते आणि त्यात गेल्या एका वर्षाचं ऐकणं असतं. 'एक्सटेंडेड स्ट्रीमिंग हिस्टरी'ला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, पण त्यात अल्बमचं नाव आणि गाणं कशामुळे सुरू झालं तेही मिळतं. दुसरा पर्याय घ्या आणि आजच अर्ज करा.

फाइल जेसन प्रकारची (नोंदी साठवायचा एक मजकूर-प्रकार) असते. एक्सेलमध्ये 'डेटा', 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम जेसन' या वाटेने उघडा आणि तक्ता करून सगळे रकाने पसरवा. मग पुढची कामं करा.

आधी वेळ दुरुस्त करा. नोंदीतली वेळ ग्रिनिचची असते, म्हणून त्या रकान्यात ५.५/२४ मिळवा. हे राहिलं तर १ जानेवारीच्या पहाटे साडेपाचपर्यंतचं ऐकणं ३१ डिसेंबरच्या खात्यात पडतं.

किती वेळ वाजलं ते मिलिसेकंदांत दिलेलं असतं. ६०,००० ने भागलं की मिनिटं. एका मिनिटाखालच्या ओळी गाळून टाका, त्या बहुधा पुढे ढकललेल्या गाण्यांच्या असतात.

यानंतरचं काम किचकट आहे आणि बरेच जण ते टाळतात: नावं एकसारखी करणं. 'पंडित' लावून, न लावून, रोमनमधल्या दोन-तीन स्पेलिंगांनी एकच गायक तीन जागी विभागलेला असतो. तेच ध्वनिमुद्रण चार संकलनांत असेल तर तेही चार जागी. चित्रपटगीतांत 'कलाकार' म्हणून पुष्कळदा संगीतकाराचं नाव आधी येतं, गायक मागे राहतो. शेजारी आपला एक नवा रकाना करून त्यात स्वतःचं नाव घाला, मूळ रकान्याला हात लावू नका.

रियाझाचा तानपुरा, झोपताना लावलेला पाऊस, मुलांची बडबडगीतं हे सगळं गाळा. घरात कुणी गात असेल तर मिनिटांच्या हिशेबात तानपुराच वर्षाचा अव्वल कलाकार ठरतो.

शेवटी पिव्होट (एक्सेलमधला बेरजेचा तक्ता). ओळींत रचना, मूल्यांत मिनिटांची बेरीज. पण नुसत्या मिनिटांवर जाऊ नका, तिथे लांब रचनांना फुकटचा फायदा मिळतो. शेजारी 'किती वेगवेगळ्या दिवशी ऐकलं' हा आकडा हवाच. तारीख आणि रचना एवढ्याच दोन रकान्यांची प्रत काढा, 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' करा आणि काउंटइफ सूत्राने मोजा. वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग करून जी रचना किमान तीन भागांत परत आली, ती माझ्या मते वर्षाची. एका आठवड्यात ३० वेळा ऐकून सोडलेलं गाणं हे नुसतं वेड असतं. त्यालाही यादीत जागा द्या, पण वेगळी.

'रीझन स्टार्ट' नावाचा रकाना जरूर बघा. 'क्लिकरो' म्हणजे तुम्ही बोटाने निवडलेलं, 'ट्रॅकडन' म्हणजे आधीचं संपल्यावर आपोआप लागलेलं. मात्र अल्बम सलग ऐकणाऱ्यांचं दुसऱ्या गाण्यापासून सगळं 'ट्रॅकडन'मध्येच जातं, त्यामुळे यावरून सरसकट काटछाट करू नका.

---

रिळांचा डबा

चित्रपटाचं वर्ष हे भांडण जुनं आहे. 'कोर्ट' व्हेनिसला सप्टेंबर २०१४ मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात आला एप्रिल २०१५ मध्ये, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला २०१४ सालचा. 'किल्ला'चंही तसंच: बर्लिन फेब्रुवारी २०१४, प्रदर्शन जून २०१५. 'द डिसायपल' व्हेनिसला २०२० मध्ये, नेटफ्लिक्सवर एप्रिल २०२१ मध्ये. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख पाहतात, म्हणून तिथलं वर्ष प्रदर्शनाच्या वर्षाशी जुळेलच असं नाही.

तुमच्या यादीसाठी नियम सोपा ठेवा. भारतात सर्वांना पाहता येईल असा ज्या वर्षी आला, मग थिएटर असो वा ओटीटी, ते त्याचं वर्ष. महोत्सवात पाहिलेला आणि अजून न आलेला चित्रपट 'प्रतीक्षा' नावाच्या कप्प्यात टाका. आला की त्या वर्षाच्या यादीत हलवा, आणि हलवण्याआधी पुन्हा पाहा. महोत्सवात दिवसाला चार-पाच चित्रपट पाहिले जातात. सकाळच्या पहिल्याला ताजा डोळा मिळतो, रात्रीच्या शेवटच्याला जांभया. तिथे दिलेल्या गुणांवर फार विसंबू नये.

लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा फिल्म क्लबमध्ये पहिल्यांदाच पाहिलेले जुने चित्रपट हा तिसरा कप्पा. त्यांना नव्या चित्रपटांशी झुंजवू नका. १९३६ सालच्या प्रभातच्या चित्रपटासमोर यंदाचा कुठला उभा करणार? आणि उभा केलात तरी निकाल आधीच ठरलेला असतो, कारण जुन्यातलं गाळीव तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं.

लेटरबॉक्स्डवर (पाहिलेल्या चित्रपटांची डायरी ठेवायचं संकेतस्थळ) नोंदी ठेवत असाल तर 'सेटिंग्ज', 'डेटा' इथून सगळं उतरवून घेता येतं. डायरीच्या फाइलमध्ये 'डेट' आणि 'वॉच्ड डेट' असे दोन रकाने असतात. पहिला नोंद केल्याचा, दुसरा पाहिल्याचा. आठवडाभराचे चित्रपट रविवारी बसून भरणाऱ्यांनी पहिला रकाना धरला की सगळं रविवारीच पाहिल्यासारखं दिसतं. तिथलं 'इयर' पहिल्या प्रदर्शनाचं असतं, महोत्सव धरून. म्हणून वर सांगितलेल्या नियमासाठी 'भारतात कधी' हा रकाना स्वतः भरावा लागेल.

गुण दोनदा द्या: पाहिला त्या रात्री आणि तीन आठवड्यांनी. दुसऱ्यांदा देताना पहिला रकाना लपवा. फरक एका ताऱ्याहून जास्त पडला तर मधला अर्धा तास पुन्हा पाहा. सुरुवात आणि शेवट आठवणीत असतातच. चित्रपट खचतो तो मध्यंतरानंतरच्या वीस मिनिटांत. नोव्हेंबर-डिसेंबरचे चित्रपट यादीत गर्दी करतात तेही याने आटोक्यात येतं.

---

तिसरा तंबोरा

सवाईचं फोनवरच्या गाण्यात मिसळू नका. मैफल एकदाच होते, परत लावून तपासता येत नाही. तिथे आकडे कामाचे नाहीत, टिपण लागतं, आणि तेही त्याच रात्री.

टिपणात काय हवं: तारीख, सत्र, कलाकार, राग, विलंबिताचा, म्हणजे संथ भागाचा, ताल (एकताल, झुमरा, तिलवाडा, जो असेल तो), बंदिशीचे पहिले चार शब्द, द्रुताचा, म्हणजे जलद भागाचा, ताल, तबला, पेटी आणि मागे तानपुऱ्यावर कोण. निवेदनात यातलं निम्मं सांगतात, पण लोक तेव्हा खुर्ची शोधत असतात.

राग ओळखता आला नाही तर नावाचा अंदाज ठोकू नका, स्वर लिहा. मारवा, पूरिया आणि सोहनी तिन्हींत स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात जोर रिषभ-धैवतावर, पूरियात गंधार-निषादावर आणि वावर खालच्या सप्तकात, सोहनी वरच्या षड्जाभोवती. भूप आणि देशकारही असेच: भूपात गंधार, देशकारात धैवत. 'बराच वेळ कुठे थांबले' एवढं लिहिलंत तरी घरी जाऊन नाव लागतं. मिश्र ठुमरीच्या वाटेला जाऊ नका, शब्द लिहा आणि सोडा.

पहिल्या पंधरा मिनिटांवर एक वाक्य वेगळं लिहा. शेवटच्या द्रुत तानांवर टाळ्या पडतात आणि आठवणीत तेवढंच उरतं. मग वर्षअखेरीला सगळे कलाकार 'तयारी जबरदस्त' या एकाच शेऱ्याखाली येतात. आलापात राग उभा राहिला की नाही, ते त्या रात्रीचं टिपणच सांगेल.

त्याच कलाकाराचा तोच राग यूट्यूबवर शोधून दुवा जोडण्याचा मोह होईल. ती वेगळी मैफल आहे, तसं स्पष्ट लिहा. आणि मांडवात फोनवर मुद्रण करू नका. नियमाचं राहू द्या, पुढच्या रांगेतला माणूस वळून बघतो ना, ते जास्त वाईट.

---

मुकुंदनगरकर (धागाकर्ता)

आभार. बरंचसं ऐकणं यूट्यूबवर आहे, त्याचं काय? आणि गाळून ३० रचना उरल्यावर क्रम कसा लावायचा?

---

सारणीकार

यूट्यूबचा इतिहास गूगल टेकआउटमधून (आपली माहिती उतरवून घ्यायची गूगलची सोय) येतो. मागवताना प्रकार एचटीएमएलऐवजी जेसन निवडा. पण त्यात व्हिडिओ कधी उघडला एवढंच असतं, किती वेळ ऐकला ते नाही. म्हणून तिथे फक्त 'वेगवेगळे दिवस' मोजा आणि तो आकडा स्पॉटिफायच्या दिवसांत मिळवा. मिनिटं एकत्र करू नका, अर्धा हिशेब खोटा होईल.

क्रमासाठी ३० रचनांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात, कुणी करत नाही. एकेक रचना घ्या आणि लागलेल्या यादीच्या मधल्या रचनेशी ताडून पाहा. वर की खाली ठरलं की उरलेल्या अर्ध्याच्या मधल्याशी. अशाने जास्तीत जास्त ११९ तुलनांत काम होतं. एका बैठकीत ३०-४० पुरे. कान थकला की ओळखीचं तेच वर जातं. तीन रचना एकमेकींना गोल हरवत असतील तर तिघींना एकाच पायरीवर बसवा. ख्याल आणि चित्रपटगीत यांची तुलना मात्र करूच नका, दोन रांगा लावा.

मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) थेट दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडलीत तर अक्षरांची खिचडी दिसेल. 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' मधून उघडा आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा.

---

चतुःशृंगी

क्रम लावायचाच कशाला? बारा महिन्यांच्या बारा रचना द्या, महिन्याला एक. डिसेंबरचा वरचष्मा आपोआप जातो आणि ११९ तुलनाही वाचतात.

---

सारणीकार

चालेल, पण जुलैत पाच उत्तम सापडल्या आणि मार्चमध्ये एकही नाही तर मार्चची जागा भरायला काहीतरी कोंबलं जातं. तेव्हा रिकामा महिना रिकामा ठेवायची तयारी हवी.

---

घाटमाथा

गाडीचं राहिलं. ॲपमधलं डाउनलोड पेनड्राइव्हवर जात नाही, ते त्या ॲपपुरतंच कुलूपबंद असतं. विकत घेतलेल्या फाइली किंवा घरच्या सीडीवरून उतरवलेलं लागेल. एमपी३, १९२ केबीपीएस पुरे: मिनिटाला साधारण १.४४ एमबी, म्हणजे ९० मिनिटांना १३० एमबी.

ड्राइव्ह ३२ जीबी किंवा लहान घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठ्याला विंडोजची नेहमीची खिडकी हा पर्याय देत नाही. अनेक गाड्यांचे स्टीरिओ फाइली नावाने न लावता ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावाआधी ०१, ०२ तर घालाच, शिवाय रिकाम्या ड्राइव्हवर एकेक करून त्याच क्रमाने उतरवा. मधेच एखादी बदलायची झाली तर सगळं पुसून पुन्हा. फाइलची नावं रोमनमध्ये ठेवा, देवनागरीच्या जागी पुष्कळ स्टीरिओंवर चौकोन दिसतात.

आवाजाची पातळी एमपी३गेन या प्रोग्रामने सारखी करा. ठरलेलं लक्ष्य ८९ डेसिबल असतं, बदल दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी होतो आणि मागे फिरवताही येतो. पण एकाच रचनेतला चढउतार त्याने मिटत नाही. ताशी ८० च्या वेगाला टायरच्या आवाजात विलंबिताचा आलाप बुडतो, तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की द्रुतात ज्येष्ठ मंडळी दचकतात. गाडीसाठी मध्यलयीच्या बंदिशी, नाट्यगीतं आणि अभंग निवडा. मोठा ख्याल घरच्या स्पीकरवर.

एकच राग दोन ट्रॅकमध्ये तोडलेला असेल तर ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचा प्रोग्राम) जोडून एक फाइल करा, नाहीतर ऐन समेवर खंड पडतो. आणि क्रम निघायच्या वेळेवरून लावा. कोल्हापूरला पहाटे निघणार असाल तर साताऱ्यापर्यंत भैरव-तोडी चालतील. यमन परतीच्या वाटेला.