मदत हवी आहे: गच्चीवरच्या फिंच, मे मधली लू आणि जानेवारीची थंडी, एकाच पिंजऱ्यात कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, जुनं घर, वर दगडी पटियांची गच्ची. ज्यांनी अशा गच्च्या बघितल्यात त्यांना माहीत असेल, उन्हाळ्यात रात्री दहालासुद्धा अनवाणी पाय ठेववत नाही. तर तिथे मिस्टरांनी वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा मोठा पिंजरा करून घेतलाय, आठ फूट लांब, चार रुंद, सहा उंच, वर पत्रा. आत झेब्रा फिंच (चिमणीहून लहान पाळीव पाखरं) ११ आणि बंगाली फिंचची एक जोडी. मागच्या एप्रिलमध्ये झेब्रा १७ होत्या, त्या ११ का झाल्या तेच सांगायला आलेय.

मागच्या नौतप्यात (मे अखेरीपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लू लागू नये म्हणून मी तीन बाजूंनी निळी ताडपत्री अगदी गच्च बांधली, समोरून तेवढी हिरवी नेट सोडली. मला वाटलं छान बंदोबस्त झाला. दुपारी दीडला वर गेले तर आवाज नाही, एरवी यांचं ते खेळण्यातल्या पिपाणीसारखं टीं टीं दिवसभर चालू असतं. चार खाली पडलेल्या. बाकीच्या सगळ्या जमिनीवर परळाभोवती, चोची उघड्या, पंख अंगापासून लांब धरलेले, दांडीवर एकही नाही. पाण्यात बोट घातलं तर ते आंघोळीचं काढल्यासारखं गरम. सगळ्यांना परातीखाली झाकून खाली स्वयंपाकघरात आणलं तेव्हा त्या वाचल्या.

मग जानेवारीत कोहरा (दाट धुकं), पारा ४ वर, यावेळी शहाणपणा करून ताडपत्री लावलीच नाही, १०० चा बल्ब रात्रभर चालू ठेवला. तरी दोन गेल्या. एक सकाळी दांडीखाली सरळ मेलेलीच मिळाली, दुसरी मादी होती, अंग फुगवून कोपऱ्यात बसलेली, पोट फुगलेलं, शेपूट वरखाली हलत होतं, संध्याकाळपर्यंत गेली. ज्या डॉक्टरांकडे नेलं ते म्हणाले मी कुत्री-मांजरं बघतो, हिला काय देऊ? त्यांचंही खरं आहे म्हणा.

आता एप्रिल अर्धा झाला, दुपारी गच्चीवर उभं राहवत नाही. झाकलं तरी मेल्या, उघडं ठेवलं तरी मेल्या, मग करायचं तरी काय? पत्रा काढून टाकू का, कूलर लावू का, घरटी ठेवू की काढू, आणि थंडीत बल्ब नाही तर काय. जाणकारांनी प्लीज सांगा, मिस्टर म्हणतात देऊन टाकू कोणाला तरी, मला नाही द्यायच्या.

दाणापाणी, इंदूर:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, दांडीवर एकही नव्हती. पत्रा तापतो आणि खाली उष्णता फेकतो, त्यामुळे वरचा दीड-दोन फूट म्हणजे तवा, त्यात ताडपत्रीने वारा अडवला, गरम हवा निघायला वाटच नाही. पक्ष्याला घाम येत नाही हो, अंगाचं तापमान मुळातच ४१-४२, बाहेरची हवा त्याच्याही वर गेली की श्वासावाटे पाणी उडवणं हाच मुख्य उपाय त्याच्या हातात उरतो, म्हणून चोच उघडी. १२ ग्रॅमचा जीव, किती वेळ उडवणार. झेब्रा मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातली, उन्हाला भीत नाही, पण तिथे ती दुपारी झुडपाच्या सावलीत, पाण्याच्या आसपास जाऊन बसते. तुमच्या पिंजऱ्यातून ती कुठे जाणार?

पत्रा काढू नका, पाऊस आहे ना पुढे. पत्र्यावर चुना मारा, घट्ट दोन हात, आणि त्याच्या वर बांबू टाकून एक फूट तरी अंतर सोडून हिरवी नेट ताणा, ७५ टक्केवाली, किंवा गवताचं छप्पर मिळालं तर त्याहून चांगलं. ते मधलं एक फूट महत्त्वाचं, नेट पत्र्याला चिकटली की फायदा अर्धा. पश्चिमेला खसची टट्टी (वाळ्याचा पडदा) लावून दुपारभर ओली ठेवा आणि समोरची पूर्वेची बाजू पूर्ण उघडी, लू टट्टीतून गार होऊन आत येते आणि पलीकडून निघून जाते. मे मध्ये तुमच्याकडे हवा कोरडीठाक असते म्हणून हे चालतं. जुलैत पाऊस लागला की टट्टी काढा, तेव्हा ओलाव्याने उलट घुसमट होते, साधा पंखा बाहेरून लावा. कूलरचंही तेच, आणि तोंड थेट पक्ष्यांवर नको.

दिवसातून तीनदा पाणी बदला, परळ मातीचंच ठेवा, सावलीत. भिजवलेला दाणा किंवा अंडं घालत असाल तर सकाळी लवकर, तासाभरात उचला, उन्हात लगेच आंबतं. आणि घरटी आजच काढा! झेब्राला घरटं दिसलं की ती अंडी घालते, ऋतू बघत नाही, ४५ मध्ये अंडी उकडतात आणि माद्या फुकट झिजतात. एखादी हाफायला लागली तर बर्फाचं पाणी ओतू नका, सावलीत घेऊन पाय साध्या पाण्याने ओले करा, वारा लागू द्या.

वाळवंटी_पाखरू:
घरटी काढा याला अनुमोदन. तसं ही पाखरं उन्हाबाबत बरीच हुशार आहेत, २०१६ साली सायन्समध्ये एक शोधनिबंध आला होता, हवा २६ च्या वर गेली की झेब्रा आईबाप अंड्यांजवळ एक वेगळाच आवाज काढतात आणि तो ऐकलेल्या पिल्लांची वाढ नंतर वेगळी होते. अंड्यातच हवामानाचा अंदाज! पण हुशारीलाही हद्द असते, ४५-४६ ला कोणाचं चालणार.

गच्चीबाज:
इतका त्रास कशाला, बाजारात लाल मुनिया मिळतात, इकडच्याच आहेत, ऊनथंडी सगळं सोसतात.

दाणापाणी, इंदूर:
गच्चीबाज, मुनिया आपल्याकडचा रानपक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पकडणं, विकणं, पाळणं सगळं गुन्हा. पकडलेल्यातल्या कितीतरी वाटेतच मरतात ते वेगळं. ताई, तुम्ही याकडे लक्ष देऊ नका.

माई, बडोदा:
थंडीचं मी सांगते गं. ती पोट फुगलेली मादी अंडं अडकून गेली, थंडीत हे फार होतं, त्यातून कॅल्शियम कमी असलं तर हमखास. समुद्रफेस (कटलफिशचं हाड) कायम टांगलेला हवा, जाळीला तारेने बांध, कुरतडतात आपल्या आपण. पुन्हा कोणी अशी दिसली तर वेळ न घालवता छोट्या खोक्यात ठेवायची, ३० च्या आसपास ऊब, जवळ ओलं फडकं, बऱ्याचदा अंडं सुटतं. पोट दाबायला जायचं नाही, आत फुटलं तर संपलं.

आणि ऐक, दांडीखाली मेलेल्या तुझ्या त्या पाखराला नुसत्या थंडीने नाही, वाऱ्याने मारलं असणार. पिसं फुगवून ती जी हवा धरून ठेवतात तीच त्यांची गोधडी, वारा ती उडवून नेतो. कोरडी आणि वाऱ्याआड असली तर झेब्रा बरीच थंडी काढते. म्हणून उत्तर आणि पश्चिम बाजू जाड पारदर्शक प्लास्टिकने बंद कर, पण पत्र्याखाली चार बोटं पट्टी उघडी सोड, नाहीतर त्यांच्या श्वासाचंच दव जमून सकाळी सगळं ओलं. प्लास्टिक ताणून बांध, रात्री फडफडलं की घाबरून जाळीवर आपटतात. दक्षिण उघडी, कोवळं ऊन यायला पाहिजे. वरच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद असं लाकडी खोकं, आत दांडी, तिथेच झोपतील. बंगाली तर एकमेकींवर चढून झोपतात, त्यांची काळजी कमी.

रात्रभर दिवा नको, झोप मोडते. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, जाळीच्या डब्यात बसवून एकाच कोपऱ्याला, म्हणजे ज्याला ऊब हवी ते जवळ जाईल. शेगडी मात्र चुकूनही नको, नॉनस्टिकचं कोटिंग असलेला हीटरपण नको, तापल्यावर त्याच्या वाफेने पाखरं मिनिटांत जातात. आणि तुमच्याकडे डिसेंबरात रात्र साडेतेरा तासांची असते, अंधार पडायच्या आधी बाजरी-राळा भरपूर घालत जा, रिकाम्या पोटी ऊब कुठून येणार.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर कामातच होते म्हणून आता लिहितेय. चुना मारला, बांबू टाकून नेट ताणली, घरटी काढली (दोन अंडी होती त्यात, जरा जिवावर आलं). भिंतीवरचा थर्मामीटर काल दुपारी दोनला आधी वरच्या दांडीला टांगला, मग खाली ठेवला, दोन्हीकडे आता दीड अंशाचाच फरक आहे. आणि सगळ्या दांडीवर होत्या! खसची टट्टी इथल्या महाराज बाडा चौकाजवळ मिळाली, पाणी मारायचं काम मुलाकडे, तो शाळेतून येईपर्यंत मी.

एकच राहिलं. सासूबाई म्हणतात मे-जूनपुरता पिंजरा खाली चौकातच आणा, तिथे दुपारी अकरानंतर ऊन येत नाही. पिंजरा दोन भागांत सुटतो, आणता येईल. पण चौकात रात्री मांजर फिरतं आणि वारा कमी. माई, तुम्ही असत्या तर आणला असता का? फक्त पापड वाळवायची जागा सोडून, अशी अट आहे.

माई, बडोदा:
आण. खालून दोन फूट बारीक जाळी दुहेरी मार, रात्री टेबलफॅन लावून दे. पापड गच्चीवर घाला म्हणावं, पटिया रिकाम्याच आहेत आता.